हातांना पुन्हा काम देणारे डॉ. पॉल ब्रँड

कुष्ठरोगाने आखडलेल्या हाताला पुन्हा घास उचलता यावा, हत्यार धरता यावे यासाठी आयुष्य वेचणारे शल्यचिकित्सक म्हणून डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. मात्र बोटे सरळ झाली म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे, हा धडा त्यांना रुग्णांनीच दिला.

ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तत्कालीन मद्रास प्रांतात, एका ब्रिटिश मिशनरी दाम्पत्याच्या पोटी झाला. नवव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. १९२९ मध्ये वडिलांचे भारतातच निधन झाले. शाळेनंतर ब्रँड यांनी काही वर्षे सुतारकाम व बांधकामाचे शिक्षण घेतले. वैद्यकाकडे ते नंतर वळले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकत असतानाच महायुद्ध पेटले आणि बॉम्बहल्ल्यांतील जखमींवर उपचार करीत त्यांचे शल्यशिक्षण पूर्ण झाले. १९४३ मध्ये सहाध्यायी मार्गारेट बेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

१९४७ मध्ये डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्या निमंत्रणावरून ते चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तेथील शेकडो रुग्णांचे हात निकामी झाले होते. एका रुग्णाच्या आखडलेल्या बोटांत त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. ती पकड इतकी घट्ट होती की, त्यांना वेदना झाली. म्हणजेच, हाताचे काही स्नायू शाबूत होते! हा रोग प्रामुख्याने त्वचेलगतच्या मज्जातंतूंना इजा करतो. कोपराजवळचा अल्नर मज्जातंतू निकामी झाला की, तळहातातील छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे आकड्यासारखी वळतात. कोपर ते मनगट या भागातील बरेचसे स्नायू मात्र काम करीत राहतात.

या निरीक्षणावर त्यांची शस्त्रक्रिया उभी राहिली. शाबूत स्नायूची दोरीसारखी कंडरा सोडवायची, तिचे भाग करायचे आणि ते बोटांना जोडायचे, अशी ही पद्धत होती. पोलिओ व अपघातातील रुग्णांसाठी ती पूर्वीपासून वापरली जात असे. कुष्ठरुग्णांवर मात्र कोणी हात टाकत नव्हते. त्यांच्या जखमा भरणारच नाहीत, असा तेव्हा समज होता. १९४८ पासूनच्या शस्त्रक्रियांनी तो खोटा ठरविला.

शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर फिजिओथेरपी आवश्यक होती. ताठर सांधे तेलाच्या मालिशने व टप्प्याटप्प्याने बदलल्या जाणाऱ्या प्लास्टरने सैल केले जात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राही. मग खरी परीक्षा सुरू होई. कंडरेची जागा बदललेली असल्याने कोणत्या प्रयत्नाने कोणते बोट हलते, हे मेंदूला नव्याने शिकावे लागे. हा सराव रोज करावा लागे.

एवढे करूनही काही रुग्ण निराश होऊन परतले. सरळ हातांना भीक कमी मिळू लागली होती आणि रोगाच्या भीतीने काम कोणी देत नव्हते. त्यामुळे ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये ‘नवजीवन निलयम’ हे केंद्र उभे केले. तेथे रुग्ण सुतारकाम व खेळणी बनविणे शिकू लागले. तरुणपणी शिकलेली सुतारकी ब्रँड यांना येथे उपयोगी पडली.

याच कामातून आणखी एक गोष्ट उघड झाली. रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नसत. वेदना कळत नसल्याने भाजणे, कापणे, हत्याराचा अति दाब यांकडे दुर्लक्ष होई आणि जखमा चिघळत. रात्री उंदरांनी बोटे कुरतडल्याचेही आढळले. म्हणून रोज हात तपासणे आणि अवजारांच्या मुठी बदलणे हा उपचाराचाच भाग बनला. वेदना ही शरीराची राखणदार आहे, हा विचार ब्रँड यांनी पुढे आयुष्यभर मांडला.

त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. मेरी वर्गीस १९५४ मधील अपघातात कमरेखाली लुळ्या पडल्या. पुढे त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि वेल्लोरमध्ये पुनर्वसन विभाग उभा केला.

ब्रँड यांना १९६० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग केंद्रात गेले. तेथे त्यांचे संशोधन मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांच्या जखमांनाही उपयोगी ठरले. हाताच्या यंत्रणेवरील त्यांचा ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ जुलै २००३ रोजी सिएटल येथे त्यांचे निधन झाले.

अपघातात मज्जातंतू तुटलेल्या रुग्णाचा हात सावरताना आजही कंडरा बदलणे, प्लास्टर, व्यायाम आणि बधिर त्वचेची काळजी यांचा आधार घेतला जातो. त्या हाताला पुन्हा काम मिळते का, हा ब्रँड यांच्या रुग्णांनी विचारलेला प्रश्न मात्र केवळ डॉक्टरांनी सोडवायचा नसतो.