एका पैची चूक

या शताब्दी अंकासाठी आम्ही दिंडीची जुनी भजनाची वही बाहेर काढली. शिवण सुटलेली, कडा झिजलेल्या, तीन-चार हातांनी लिहिलेली. वहीतलं एक भारूड आणि आपण मुक्कामावर म्हणतो ते भारूड ताडून पाहिलं, तर दोन ठिकाणी शब्द निराळे निघाले. कुणी म्हणे वहीत चुकलंय, कुणी म्हणे आपल्या तोंडीच बिघडलंय. त्या रात्री वाद मिटला नाही. पण आठवण झाली ती पैठणच्या नाथमहाराजांची. शब्द लोकांच्या तोंडी कसा द्यावा आणि तोच शब्द राखावा कसा, ही दोन्ही कामे त्यांनी एका जन्मात केली.

एकनाथमहाराजांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमाराचा. पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरीला परत आणली, असे परंपरा सांगते. आईबापांचे छत्र लहानपणीच गेले आणि आजोबा चक्रपाणींनी नातवाला वाढवले. पुढे ओढ लागली गुरूची. पोर घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पायाशी गेले.

तिथली हकीकत आपण कीर्तनात ऐकलेली आहे. स्वामींनी हिशेबाचे काम दिले. एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिवा लावून वह्या चाळत बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने टाळी वाजवली. ते पाहून स्वामी समजले, की एका पैसाठी एवढे चित्त लावणारा हा मुलगा देवाकडे वळला तर काय करील! ही पै आपण ध्यानात ठेवू, पुढे ती परत येणार आहे.

गुरूच्या आज्ञेने नाथांनी तीर्थयात्रा केली, पैठणला येऊन गिरिजाबाईंशी प्रपंच मांडला आणि लेखणी धरली. भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी टीका लिहायला घेतली. देवाचे ज्ञान प्राकृतात आणले म्हणून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला, नाथांना काशीला जावे लागले, आणि ज्या गावात विरोध झाला तिथेच शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, तो ग्रंथ पुरा झाला. सुमारे १८,८०० ओव्या! आणि ओवी तरी कुठली? बायाबापड्यांच्या जात्यावरची. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी सारखी अक्षरे येतात, त्याला यमक म्हणतात. चौथा चरण आखूड आणि मोकळा. म्हणून ती कानाला धरते आणि जिभेवर बसते.

पण ज्याला पोथीही वाचता येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी नाथांनी भारूड हाती घेतले. इथे दोन शब्द समजून घेऊ. आई विसाव्याच्या झाडासारखी आहे म्हटलं, की झाली उपमा. त्यातला ‘सारखी’ काढून टाकला आणि आई म्हणजेच झाड म्हटलं, की झालं रूपक. भारुडात हे रूपक एका ओळीवर थांबत नाही. सगळं गाणंच रूपक होतं. वरून दिसते ते सोंग, आत असतो तो परमार्थ. विंचू चावला म्हणून माणूस बोंबलत येतो, आणि तो विंचू असतो कामक्रोधाचा. सून भवानीला नवस बोलते, सासरची एकेक माणसं दूर कर म्हणते. आपण पोट धरून हसतो, आणि कीर्तनकार सांगतात की ही माणसं म्हणजे आपल्याच मनातले विकार. वासुदेव, जोशी, गोंधळी, कोल्हाटी, फकीर, जो जो दारावर येत होता त्याचे रूप नाथांनी घेतले. पंडिताला कमी वाटावे अशी बोली त्यांनी परमार्थाला लावली.

त्यांची नाममुद्राही पहा. एका शब्दातून दोन अर्थ निघाले, की त्याला श्लेष म्हणतात. ‘एका’ हे त्यांचे नाव, आणि एका म्हणजे एकच, दुजेपण उरले नाही तो. ‘जनार्दन’ हे गुरूचे नाव आणि देवाचेही. अभंगाच्या शेवटी ही मुद्रा आपण रोज म्हणतो. गुरू, देव आणि भक्त तिथे दोन शब्दांत एकत्र उभे असतात.

आता ती पै. ज्ञानेश्वरी लिहून त्या वेळी सुमारे तीनशे वर्षे झाली होती. छापखाना नव्हता, हाताने नकला होत. एकाचा हात चुकला की पुढच्या दहा जणांचा चुके. कुणी हौसेने आपली ओवीही घालून देई. परंपरा सांगते, की माउलींनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे असे सांगितले आणि नाथ आळंदीला धावले. मग जुन्या प्रती गोळा करून, ताडून, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. शेवटी बजावून ठेवले, की यात कुणी आपली ओवी मिसळू नये. त्यासाठी दाखला दिला तोही घरच्या ताटाचा. स्वतः एवढे मोठे कवी, पण माउलींच्या ग्रंथात आपले अक्षर घातले नाही. देवगिरीवर पैसाठी जागलेला डोळा इथे अक्षरासाठी जागला.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्याच तिथीला आजही पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते, आणि आषाढीला नाथांची पालखी पंढरीची वाट धरते.

मग आपल्या वहीचे काय झाले? छापील गाथा आणून आम्ही दोन्ही ठिकाणे तपासली. एका ठिकाणी वही चुकलेली निघाली आणि दुसऱ्या ठिकाणी आपण. आणि खरं सांगायचं तर, जिथे आपण चुकत होतो तिथेच हशा जास्त मिळत होता. हशा मिळत होता, पण रूपकाची कडी तुटत होती. ऐकणारा हसून झोपायला जात होता, आतला अर्थ घेऊन जात नव्हता. असं किती वर्षं चाललं, कोण जाणे.

म्हणून या शंभराव्या वर्षी आम्ही एवढंच ठरवलं आहे. सोंग नवं असू द्या, डोक्यावरचा फेटा आणि हातातली काठी बदलू द्या. नाथांनीही दारावर आला त्याचं रूप घेतलंच की. पण शब्द नाथांचाच राहील, आणि भारूड संपल्यावर त्याचा अर्थ कुणीतरी उभं राहून सांगेल. नवी वही आम्ही तपासून लिहून काढली आहे. जुनी तिच्याशेजारीच ठेवली आहे. नवीत चूक दिसली, तर लाजू नका, एका पैची असली तरी सांगा.

रामकृष्णहरी!