मार्क्वी द कोंदोर्से

मारी ज्याँ आंत्वान निकोला द कारिता, मार्क्वी द कोंदोर्से (१७ सप्टेंबर १७४३ – मार्च १७९४) हे फ्रेंच गणितज्ञ, तत्त्वचिंतक आणि राज्यक्रांतीच्या काळातील लोकप्रतिनिधी होते. अनेक पर्यायांमधून एकाची निवड करताना दोन-दोन पर्यायांची परस्परांशी तुलना करावी आणि त्या तुलनांवरून अंतिम क्रम ठरवावा, या विचाराला त्यांनी गणिती पाया दिला. प्रामाणिकपणे केलेल्या तुलनाही एकत्र आणल्यावर परस्परविरोधी ठरू शकतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. हा विरोध आज 'कोंदोर्सेचा विरोधाभास' म्हणून ओळखला जातो. निवडणूकशास्त्र, अर्थशास्त्र आणि निर्णयशास्त्र या तिन्ही विषयांत त्याला स्थान आहे.

बालपण व शिक्षण

कोंदोर्से यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांतात रिबमाँ या गावी झाला. वडील घोडदळात अधिकारी होते. मुलाच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच त्यांचे निधन झाले. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती. एकुलते एक मूल जगावे म्हणून तिने त्याला कुमारी मेरीच्या चरणी वाहिले आणि नवसापोटी कित्येक वर्षे मुलींचे पांढरे कपडे घातले. मूल जगावे म्हणून मुलग्याला मुलीचा वेश देण्याची चाल महाराष्ट्रातील वाचकालाही अपरिचित नाही.

रॅंस येथील जेझुइट शाळेत आणि नंतर पॅरिसच्या नावार महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षी त्यांनी सादर केलेल्या गणितातील प्रबंधाने द'अलांबेर आणि क्लेरो या त्या काळच्या श्रेष्ठ गणितज्ञांचे लक्ष वेधले. घराण्याच्या रीतीप्रमाणे सैन्यात जाण्यास नकार देऊन ते गणिताकडे वळले. कलनशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १७६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १७६९ मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य आणि १७७६ मध्ये तिचे कायम सचिव झाले. दिवंगत सदस्यांची चरित्रे लिहिणे हे सचिवाचे एक काम असे, आणि ही चरित्रे त्यांच्या उत्तम लेखनात गणली जातात.

सार्वजनिक जीवन

अर्थमंत्री त्युर्गो यांच्या अल्प कारकिर्दीत (१७७४–१७७६) कोंदोर्से यांची टांकसाळीच्या महानिरीक्षकपदी नेमणूक झाली. शासनाचे प्रश्न मोजता येतात आणि मोजल्यानंतर त्यांवर अधिक शहाणपणाने निर्णय घेता येतो, ही त्यांची श्रद्धा या काळात पक्की झाली. १७८१ मध्ये त्यांनी एका स्विस धर्मोपदेशकाचे टोपणनाव घेऊन गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिले.

१७८६ मध्ये त्यांचा विवाह सोफी द ग्रुशी यांच्याशी झाला. दोघांच्या वयात वीस वर्षांहून अधिक अंतर होते, परंतु हा विवाह बौद्धिक मैत्रीचाही होता. टांकसाळीच्या इमारतीतील त्यांच्या घरी विचारवंतांची बैठक भरत असे. पुढे सोफी यांनी ॲडम स्मिथच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद केला. स्त्रियांना पूर्ण नागरी हक्क मिळावेत असा निबंध कोंदोर्से यांनी १७९० मध्ये लिहिला. क्रांतीच्या पुढाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ही मागणी इतक्या स्पष्टपणे केली होती.

जोडीने तुलना करण्याची पद्धत

बहुमताने घेतलेल्या निर्णयांच्या संभाव्यतेवरील कोंदोर्से यांचा मोठा ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचावयास अतिशय कठीण आहे, आणि जवळजवळ दीडशे वर्षे तो दुर्लक्षित राहिला याचे ते एक कारण असावे.

अकादमीतील त्यांचे सहकारी ज्याँ-शार्ल द बोर्दा यांनी त्यापूर्वीच एक आक्षेप मांडला होता. प्रत्येकाने एकच मत द्यावयाचे आणि सर्वाधिक मते मिळवणारा निवडून यावयाचा, ही रूढ पद्धत फसवी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बहुसंख्यांना नको असलेला उमेदवारही तीत विजयी होऊ शकतो. त्यावर बोर्दा यांनी पसंतीच्या क्रमाप्रमाणे गुण देण्याचा उपाय सुचवला. आक्षेप कोंदोर्से यांना मान्य होता, उपाय मात्र नव्हता. ज्या दोन पर्यायांची तुलना चालू आहे, तिच्यात तिसऱ्या पर्यायाने ढवळाढवळ करू नये, असे त्यांचे मत होते. म्हणून प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे घ्यावी आणि उरलेल्या प्रत्येकाला समोरासमोर हरवणारा पर्याय निवडावा, हा नियम त्यांनी मांडला. अशा पर्यायाला आज 'कोंदोर्से विजेता' म्हणतात.

कोंदोर्से यांनी ६० मतदारांचे एक उदाहरण दिले आहे. त्यातील आकडे तसेच ठेवून ते एका परिचित प्रसंगात मांडता येते. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात सुलतानपूर हे गाव आहे. तेथील ग्रामसभेला ६० जण उपस्थित असून निधी एकाच कामापुरता आहे, अशी कल्पना करू. पर्याय तीन आहेत : पाण्याची टाकी, शाळेची खोली आणि शेताकडे जाणारा पांदण रस्ता. २३ जणांचा क्रम टाकी, खोली, रस्ता असा आहे. १७ जण खोली, रस्ता, टाकी असा क्रम लावतात आणि दोघे खोली, टाकी, रस्ता असा. उरलेल्यांपैकी १० जणांना रस्ता, टाकी, खोली हा क्रम हवा आहे, तर ८ जणांना रस्ता, खोली, टाकी हा.

हात वर करून एकच पसंती मोजली, तर टाकीला २३, खोलीला १९ आणि रस्त्याला १८ मते पडतात. टाकी मंजूर होते आणि सभा संपते. जोड्या मोजल्यावर मात्र चित्र बदलते. टाकी खोलीला ३३ विरुद्ध २७ मतांनी हरवते. खोली रस्त्याला ४२ विरुद्ध १८ मतांनी हरवते. आणि रस्ता टाकीला ३५ विरुद्ध २५ मतांनी हरवतो! प्रत्येक व्यक्तीचा क्रम सुसंगत असूनही साऱ्या सभेचा क्रम चक्रासारखा फिरत राहतो. 'कोंदोर्सेचा विरोधाभास' तो हाच.

अशा वेळी काय करावे, याचेही उत्तर त्यांनी दिले. चक्रातील सर्वांत कमजोर बहुमत, म्हणजे येथे ३३ विरुद्ध २७ हे, बाजूला ठेवावे. उरलेल्या दोन निकालांवरून खोली, रस्ता, टाकी असा क्रम लागतो. एकेरी मतमोजणीत पहिली आलेली टाकी येथे शेवटी जाते. तीनपेक्षा अधिक पर्याय असताना नेमके काय करावे, याविषयी त्यांचे विवेचन संदिग्ध आहे आणि त्यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला. १९८८ मध्ये पेटन यंग यांनी त्याचा गणिती अर्थ लावून दाखवला : प्रत्येक मतदार योग्य क्रमाचा सदोष अंदाज देत असतो असे मानावे, आणि मिळालेली मते ज्या क्रमामुळे सर्वाधिक संभाव्य ठरतात तो क्रम स्वीकारावा.

याच ग्रंथात 'ज्यूरी प्रमेय' आहे. प्रत्येक मतदार योग्य निर्णय देण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, तर मतदारांची संख्या वाढेल तसा बहुमताचा निर्णय अधिक विश्वासार्ह होतो. ही शक्यता ६० टक्के धरली, तर तिघांचे बहुमत सुमारे ६५ टक्के वेळा आणि पाच जणांचे सुमारे ६८ टक्के वेळा बरोबर ठरते. मात्र शक्यता निम्म्याहून कमी असेल, तर संख्या वाढल्याने चूकच अधिक पक्की होते. प्रत्येकाचे मत स्वतंत्र असणे ही या प्रमेयाची दुसरी अट आहे. हीच अट पुढे त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात मोडली गेली.

राज्यक्रांती

१७९१ मध्ये कोंदोर्से विधिमंडळावर निवडून आले. एप्रिल १७९२ मध्ये त्यांनी सार्वजनिक शिक्षणाचा आराखडा मांडला. मुलामुलींना समान व मोफत शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे त्यात म्हटले होते. युद्धाच्या धामधुमीत तो मागे पडला. त्याच वर्षी राष्ट्रीय अधिवेशनावर त्यांची निवड झाली आणि नव्या संविधानाच्या समितीत त्यांच्याकडे मुख्य काम आले. इंग्रज लेखक थॉमस पेन हे या समितीत त्यांचे सहकारी आणि मित्र होते. पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ पुढे पुण्यात तरुण जोतीराव फुले यांनी वाचला व त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यामुळे कोंदोर्से यांच्या वर्तुळातील विचारांचा एक प्रवाह महाराष्ट्रापर्यंत पोहोचला असे म्हणता येते.

जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या शिक्षेवर मतदान झाले. कोंदोर्से यांनी राजाला दोषी ठरवले, परंतु देहदंडाला तत्त्वतः विरोध असल्याने देहदंड वगळून सर्वांत कठोर शिक्षेच्या बाजूने मत दिले. देहदंड संमत झाला.

फेब्रुवारीत त्यांनी संविधानाचा मसुदा मांडला. देशभरच्या मतदानात प्रत्येक जोडी मोजणे अशक्यप्राय असल्याने त्यांनी आपलीच पद्धत बाजूला ठेवून दोन टप्प्यांची सोपी निवडणूक सुचवली होती. मसुदा फेटाळला गेला. जूनमध्ये जिराँदँ गटाचे नेते बंदिवान झाले आणि जॅकोबिनांनी घाईघाईत दुसरे संविधान संमत केले. भयाच्या सावटाखालील सभागृहाचे बहुमत हे स्वतंत्र मतांची बेरीज राहिले नव्हते. कोंदोर्से यांनी नव्या संविधानावर टीका करणारे पत्रक लिहिले आणि ८ जुलै १७९३ रोजी त्यांच्या अटकेचा आदेश निघाला.

अज्ञातवास व मृत्यू

पॅरिसमध्ये मादाम व्हर्ने नावाच्या एका विधवेने त्यांना आपल्या घरात लपवून ठेवले. आसरा देणाऱ्यालाही देहदंड होण्याचा तो काळ होता. तेथे सुमारे नऊ महिन्यांच्या वास्तव्यात त्यांनी मानवी मनाच्या प्रगतीचा इतिहास सांगणारा आपला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. माणसाची बुद्धी आणि समाज सतत सुधारत जातील, अशी ग्वाही देणारे हे पुस्तक पुरेशा संदर्भग्रंथांविना आणि मृत्यूच्या छायेत लिहिले गेले आहे. बाहेर सोफी यांनी कपड्यांचे दुकान आणि लहान व्यक्तिचित्रे रंगवण्याचे काम यांवर मुलीचा व स्वतःचा चरितार्थ चालवला. मालमत्ता वाचावी म्हणून त्यांना घटस्फोटासाठी अर्जही करावा लागला.

मादाम व्हर्ने यांचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून २५ मार्च १७९४ रोजी कोंदोर्से त्यांची नजर चुकवून बाहेर पडले. दोन दिवसांनी क्लामार येथील खाणावळीत संशयावरून त्यांना पकडण्यात आले. किती अंड्यांचे ऑम्लेट हवे असे विचारल्यावर त्यांनी डझनभर असे उत्तर दिले आणि त्यावरून सरदारी राहणी उघड झाली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला दंतकथाच मानणे योग्य. त्यानंतर दोन दिवसांच्या आत ते बूर-ला-रेन येथील कोठडीत मृतावस्थेत आढळले. त्यांनी विष घेतले की थकव्याने प्राण गेला, हे निश्चित झालेले नाही.

पद्धतीचा उत्तरकाळ

प्रगतीवरील ग्रंथ १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि माल्थसच्या लोकसंख्याविषयक निबंधाने (१७९८) त्याच्याशीच वाद घातला. निवडणुकीचे गणित मात्र विस्मरणात गेले. १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी विरोधाभासाचा आवाका किती मोठा आहे हे सिद्ध केले : तीन किंवा अधिक पर्याय असताना वैयक्तिक पसंतिक्रमांवरून सामूहिक क्रम लावणारी आणि काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही. डंकन ब्लॅक यांच्या १९५८ च्या ग्रंथाने कोंदोर्से यांचे श्रेय त्यांना परत मिळवून दिले. अशी जोडीने मोजणी रामोन यूल या मध्ययुगीन लेखकाने तेराव्या शतकातच सुचवली होती, हे नंतर उघडकीस आले.

दुसरीकडे, माणसे मोजण्याऐवजी निकष तोलण्यासाठीही जोड्यांचा उपयोग होऊ लागला. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये तुलनात्मक निर्णयाचा नियम मांडला. १९७० च्या दशकात टॉमस साटी यांनी निकषांची श्रेणीबद्ध मांडणी करून, प्रत्येक दोन निकषांतील महत्त्वाचे अंतर १ ते ९ या मापात सांगण्याची पद्धत विकसित केली. हा कोंदोर्से यांचा थेट वारसा नव्हे, पण अडचण तीच आहे. वरील कल्पित ग्रामसभेने पांदण रस्त्याचे काम निवडले आणि कोणता रस्ता आधी करावा हे ठरवू लागली असे मानू. किती कुटुंबांना उपयोग होईल हा निकष, पावसाळ्यात वाट किती दिवस बंद राहते यापेक्षा तिप्पट महत्त्वाचा वाटला. वाट बंद राहण्याचा निकष खर्चापेक्षा दुप्पट महत्त्वाचा वाटला. तर उपयोगाचा निकष खर्चाच्या सहापट असावयास हवा, आणि भार अनुक्रमे सुमारे ६७, २२ व ११ टक्के येतात. पण थेट विचारल्यावर कोणी खर्चच उपयोगापेक्षा मोठा म्हटला, तर एकाच माणसाच्या मनात तेच चक्र उभे राहते. अशी विसंगती साटी यांच्या पद्धतीत आकड्याने मोजली जाते. ती ठरावीक मर्यादेबाहेर, साधारणपणे ०.१० च्या वर गेली, तर तुलना पुन्हा तपासण्यास सांगितले जाते. निकष वाढले की तुलनाही झपाट्याने वाढतात. तीन निकषांना तीन तुलना पुरतात, दहा निकषांना ४५ लागतात.

स्मारक

कोंदोर्से यांना सार्वजनिक दफनभूमीत पुरण्यात आले आणि पुढे ती जागाही सापडेनाशी झाली. १९८९ मध्ये राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त पॅरिसच्या पाँतेआँमध्ये त्यांना स्थान देण्यात आले. तेथे ठेवलेली त्यांची शवपेटी रिकामी आहे.