बीडवर भरदुपारी अंधार झाला, तेव्हा जेऊरच्या माळावर दुर्बिणी लावून बसलेला पुण्याचा प्राध्यापक

आपल्याकडे ग्रहण म्हटलं की बहुतेकांनी खंडग्रास पाहिलेलं असतं. काळ्या काचेतून बघायचं, सूर्याचा लचका तोडल्यासारखा दिसतो, संपलं. खग्रास ही वेगळीच गोष्ट आहे. सूर्य ९९ टक्के झाकला तरी दिवस हा दिवसच राहतो, पण तो शेवटचा एक टक्का गेला की दिवा मालवल्यासारखं होतं. आकाशात तारे दिसायला लागतात, पाखरं झाडांकडे वळतात, हवेत गारवा येतो आणि सूर्याच्या जागी काळी तबकडी आणि तिच्याभोवती पांढरट प्रभा दिसते. हीच ती प्रभाकिरीट, म्हणजे कोरोना.

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी बारा वाजून गेल्यावर हे सगळं आपल्या बीडच्या मुलखात घडलं. चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गजवळ जमिनीवर आली. तिथून घाट चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून ती आजच्या बीड जिल्ह्यात शिरली आणि पुढे विदर्भाकडे गेली.

तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. शास्त्रज्ञांना टनावारी सामान न्यायचं असल्यामुळे त्यांना रेल्वे लागायची आणि बीडला रेल्वे नव्हती. (ती यायला २०२५ उजाडलं, हे बीडकरांना सांगायला नको.) म्हणून छावण्या पडल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनजवळ. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथे तब्बल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. आणि त्याच जेऊरला पुण्याहून आले होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

आता हे नायगमवाला कोण?

जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात एमए केलं, चान्सलरचं सुवर्णपदक मिळवलं आणि पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागले. त्यांना हवी होती वर्णपटाची प्रयोगशाळा. वर्णपट म्हणजे प्रकाशाची फोड करून तो कशातून आला ते ओळखायचं शास्त्र. यासाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५ हजार रुपये दिले आणि तेवढेच मुंबई सरकारने घातले.

१८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना भेटले आणि बेत बदलला. प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारायचं ठरलं. दरम्यान त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) झाली, म्हणून वेधशाळाही पुण्यात आली. १८८८ मध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. तिथली २० इंची दुर्बीण पुढची कित्येक वर्षं देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. पुणेकरांनी ही गोष्ट विसरावी याचं नवल वाटतं, कारण पुणेकर सहसा असं काही विसरत नाहीत.

त्यांचा एक किस्सा तर भारीच आहे. नॉर्मन लॉकियर हे तेव्हाचं इंग्लंडमधलं मोठं नाव. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा मॅग्नेशियममुळे दिसते, असं त्यांचं मत होतं. नायगमवालांनी पुण्यातून निरीक्षणं घेतली. लॉकियर म्हणतात तसं असतं तर ती रेषा एका बाजूने पुसट दिसायला हवी होती, पण ती दोन्ही बाजूंनी स्वच्छ, रेखीव दिसत होती. १८९१ मध्ये त्यांनी हे लंडनच्या नियतकालिकात छापलं. गुलामीच्या काळात हे करायला केवळ दुर्बीण पुरत नाही.

हेच लॉकियर १८९८ च्या ग्रहणाला विजयदुर्गावर होते. इथे एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड दुरुस्त करून घ्या. लॉकियरनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं दरवर्षी फिरत असतं. १८६८ च्या ग्रहणात ते भारतात नव्हतेच. त्यांनी ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गाला ते आले ३० वर्षांनी.

परत जेऊरला येऊ. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ होती, पुण्यात रँडच्या खुनाला जेमतेम सात महिने झाले होते. अशा दिवसांत उपकरणं बांधून माळरानावर तळ ठोकायचा आणि हे सगळं कशासाठी, तर दोन मिनिटांसाठी. खग्रास स्थिती जेऊरला साधारण तेवढीच टिकणार होती. एक ढग आडवा आला असता तर सगळं पाण्यात गेलं असतं. पण आकाश निरभ्र राहिलं. सगळे दिपून बघत असतात तेव्हा प्लेट बदलत राहायचं, हे शास्त्रज्ञाच्या वाट्याला येतं. नायगमवालांचा जेऊरचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापून आला.

१९०० पासून ते वेधशाळेचे पूर्णवेळ संचालक झाले. पण वेधशाळा एका माणसाच्या जिवावर उभी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने ती बंदच करून टाकली. उपकरणं कोडाईकनालला गेली. नायगमवाला १९३८ मध्ये वारले.

ती २० इंची दुर्बीण मात्र 'भावनगर दुर्बीण' या नावाने कामात राहिली. १९८० च्या दशकात नव्या वेधशाळेसाठी जागा तपासायला तिला लेहला नेलं होतं. आणि भारतातून दिसणारं पुढचं खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी आहे, तेही लडाख-कारगिलच्याच बाजूला. सुट्टी आतापासून टाकून ठेवा.