हृदयाची लिपी

विलेम आइंटहोवेन यांचा जन्म १८६० साली जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. पुढे आईने मुलांसह हॉलंडमधील उत्रेख्त गाठले. तेथे वैद्यक शिकून ते १८८६ साली लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो अचूक टिपण्यासाठी आइंटहोवेन यांनी प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये केसाहूनही बारीक तार ताणून बसविली. प्रवाह येताच तार हले आणि तिची सावली छायाचित्रणाच्या सरकत्या काचेवर नागमोडी रेषा उमटवी.

यंत्राचे वजन मात्र सुमारे २७० किलोग्रॅम! ते चालविण्यास पाच माणसे लागत आणि रुग्णालय दीड किलोमीटर दूर होते. यंत्र रुग्णापाशी नेता येईना. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णाच्या हृदयातील प्रवाहच टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणला. अनियमित ठोक्यांचे प्रकार आता आलेखावरून ओळखता येऊ लागले.

१९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९२७ साली ते निवर्तले. हृदयाची लय बिघडली असता आजही वैद्य तसाच आलेख काढतात आणि त्यावरून उपचार ठरवितात.