दीनबंधू अँड्र्यूज : शेजारधर्माची कसोटी

१९१४ च्या जानेवारीच्या आरंभी डर्बनच्या धक्क्याला एक बोट लागली. तिच्यातून उतरलेल्या दोन इंग्रजांपैकी एकाने, गांधी कोणते, अशी चौकशी केली. डोक्याचे मुंडण केलेला, गिरमिटिया मजुरासारखा साधा पांढरा पोषाख घातलेला एक कृश मनुष्य त्याला दाखविण्यात आला. त्या इंग्रजाने पुढे होऊन, खाली वाकून त्याच्या पायांना स्पर्श केला. भारतात हा नमस्कार नित्याचा. नाताळच्या गोऱ्या समाजात मात्र त्याने संताप उसळला. गोऱ्याने, आणि तेही ख्रिस्ती धर्मगुरूने, एका आशियाई माणसापुढे वाकावे ही गोष्ट त्या समाजाला वंशद्रोहासारखी वाटली. तो धर्मगुरू म्हणजे चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज. ज्या येशूच्या नावाने हा गोरा समाज दर रविवारी प्रार्थना करीत होता, त्याच येशूच्या शिकवणुकीने आपल्याला वाकावयास लावले, अशी अँड्र्यूज यांची धारणा होती.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. एका विश्वासातील मित्राने घरची पुंजी बुडविली, तेव्हा वडिलांनी त्या मित्रासाठीच प्रार्थना केली. हा बालपणीचा संस्कार अँड्र्यूज यांच्या मनातून कधी पुसला गेला नाही. केंब्रिजचे शिक्षण संपवून, धर्मगुरूची दीक्षा घेऊन त्यांनी दक्षिण लंडनमधील वॉलवर्थच्या गरीब वस्तीत काम केले आणि १९०४ साली ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अध्यापक म्हणून आले.

स्वतःच्या घरापासून आरंभ

दिल्लीत त्यांना पहिला धक्का बसला तो स्वकीयांच्या वागणुकीने. राज्यकर्त्यांचा वर्णाभिमान चर्चच्या आवारातही शिरला होता. भारतीय ख्रिस्ती माणूस उपासनेपुरता बंधू असे. अधिकाराच्या जागा मात्र गोऱ्यांकडेच राहत. १९०६ साली कॉलेजचे प्राचार्यपद रिकामे झाले. उपप्राचार्य सुशीलकुमार रुद्र हे अनुभवाने व योग्यतेने सर्वांत ज्येष्ठ होते. परंतु भारतीय प्राचार्याच्या हाताखाली इंग्रज अध्यापकांनी काम करावे ही कल्पना अनेकांना पचणारी नव्हती. ते पद अँड्र्यूज यांना सहज मिळाले असते. त्यांनी ते नाकारले आणि रुद्र यांचीच नेमणूक झाली पाहिजे असा आग्रह धरला. रुद्र त्या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली आनंदाने शिकवीत राहिले.

या प्रसंगाचे मोल मोठे आहे. वर्णद्वेषाचा निषेध करणारे सज्जन इंग्रज त्या काळीही होते. परंतु वर्णामुळे आयती चालून आलेली जागा सोडणारे विरळाच. अँड्र्यूज यांनी आरंभ केला तो स्वतःच्या लाभावर पाणी सोडून.

त्यांना आफ्रिकेकडे नेले ते पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी. दक्षिण आफ्रिकेत करार संपलेल्या हिंदी मजुरांवर तीन पौंडांचा वार्षिक कर लादलेला होता आणि १९१३ च्या एका न्यायालयीन निर्णयाने हिंदी लोकांचे धर्मविधीने झालेले विवाहही अवैध ठरू पाहत होते. गांधीजींच्या सत्याग्रहासाठी गोखले निधी जमवीत असताना अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक त्यांच्या स्वाधीन केली. पुढे गोखल्यांच्या सांगण्यावरून विल्यम पिअरसन या सहकाऱ्यासह ते डर्बनला पोहोचले. जनरल स्मट्स आणि गांधीजी यांच्यातील वाटाघाटींत त्यांनी मध्यस्थाचे काम केले. तेथे असतानाच आई निवर्तल्याची वार्ता आली. तरीही हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने तो जाचक कर रद्द झाला आणि विवाहांना मान्यता मिळाली.

मात्र याच मुक्कामात त्यांना एक खोल जखम झाली. ते एका चर्चमध्ये प्रवचन करणार होते. ते ऐकावयास गांधीजी गेले असता, वर्णामुळे त्यांना दारातूनच परत पाठविण्यात आले. येशू स्वतः आशिया खंडातला. त्या दाराशी तो आला असता तर त्यालाही आत प्रवेश मिळाला नसता, हा विचार अँड्र्यूज यांना छळू लागला. भारतात परतल्यावर त्यांनी धर्मगुरूची वस्त्रे उतरवली आणि रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात वास्तव्य केले. काही धर्मसिद्धांतांविषयीच्या शंका हेही या निर्णयाचे कारण होते. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा मात्र उणावली नाही.

शेजारी कोण?

बायबलमध्ये चांगल्या शोमरोन्याची कथा आहे. माझा शेजारी कोण, या प्रश्नाच्या उत्तरादाखल येशूने ती सांगितली. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूला त्याच्याच धर्माचे पुरोहित ओलांडून जातात आणि ज्याला यहुदी समाज हीन लेखत असे तो परका शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो. आपल्याकडे शेजारधर्म म्हटला की भिंतीपलीकडचे घर डोळ्यांपुढे येते. या कथेतील शेजार वेगळा आहे. तो अंतराने ठरत नाही. दुःखात पडलेल्या माणसाकडे कोण वळतो, यावर तो ठरतो. अँड्र्यूज यांनी या कथेचा अर्थ शब्दशः घेतला. म्हणूनच हजारो मैलांवरचे फिजी बेट त्यांच्या शेजारात आले.

१८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीयांना पाच वर्षांच्या करारावर फिजीतील उसाच्या मळ्यांत नेण्यात आले. आरकाट्यांच्या थापांना भुलून गेलेल्या या लोकांना करार मोडल्यास तुरुंग दाखविला जाई. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया हे ठरावीक प्रमाण, कोंदट खोल्यांच्या चाळी, त्यातून येणारा कौटुंबिक विध्वंस आणि भयावह संख्येने होणाऱ्या आत्महत्या, हे सारे अँड्र्यूज व पिअरसन यांनी १९१५ साली स्वतः हिंडून पाहिले. १९१६ च्या आरंभी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मार्चमध्ये पंडित मालवीयांनी विधिमंडळात ही पद्धती बंद करण्याचा ठराव मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तो स्वीकारला. परंतु ही भरती आणखी काही वर्षे चालू ठेवण्याचा घाट घातला जात असल्याचे अँड्र्यूज यांच्या ध्यानात आले. त्यांनी देशभर आवाज उठविला. १९१७ साली भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. दीनबंधू ही पदवी त्यांना मिळाली ती याच लोकांच्या कृतज्ञतेतून.

त्यांचा न्याय एकतर्फी नव्हता. परदेशात समतेचा हक्क मागणाऱ्या हिंदी समाजाने आपल्या घरातील अस्पृश्यता आधी नष्ट करावी, असे ते परखडपणे सांगत. गांधीजींवर निस्सीम प्रेम असूनही १९१८ ची सैन्यभरतीची मोहीम आणि १९२१ मधील परदेशी कापडाची होळी या दोन्हींना त्यांनी विरोध केला. स्वाभाविकच ते कोणालाच पुरते सोयीचे नव्हते. केनियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना रेल्वेच्या डब्यात मारहाण केली. इकडे काही भारतीयांना ते सरकारचे हस्तक वाटत.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. व्यक्तीच्या सद्भावनेवर त्यांचा विश्वास मोठा होता. ज्या १९२७ च्या केप टाउन करारासाठी ते झटले, त्याने हिंदी लोकांना टिकाऊ संरक्षण दिले नाही. १९४८ नंतर वर्णभेद हे दक्षिण आफ्रिकेचे अधिकृत धोरण बनले आणि तेथील काही चर्चनी त्याला धर्मशास्त्राचा आधारही पुरविला. ती राजवट संपण्यास १९९४ साल उजाडावे लागले. भली माणसे एकट्याने व्यवस्था बदलू शकत नाहीत, हा त्यातला कटू धडा होय.

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात अँड्र्यूज यांचे निधन झाले आणि त्याच शहराच्या मातीत त्यांचे दफन झाले. त्यांना शेजारप्रीतीची किंमत पदाने, पैशाने, प्रतिष्ठेने आणि शारीरिक यातनांनी द्यावी लागली आणि ती त्यांनी मुकाट्याने दिली. मंदिर, मशीद वा चर्च कोणतेही असो, सर्व माणसे एका ईश्वराची लेकरे आहेत असे आत सांगितले जात असेल, तर दारात कोणाला अडविले जाते याची चौकशी आतल्यांनीच केली पाहिजे. अँड्र्यूज यांनी ती केली आणि उत्तर मिळताच ते बाहेर उभ्या असलेल्यांत जाऊन उभे राहिले.