बापानं बनवली मशीनगन, पोरानं हॅम रेडिओवाल्यांना लावली शिस्त

लाईन एकच आणि बोलणारे पन्नास. सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओतली ही अडचण शंभर वर्षांहून जुनी आहे. ती सोडवण्यात ज्यानं निम्मं आयुष्य घातलं, तो माणूस म्हणजे हायरम पर्सी मॅक्झिम.

त्याचा जन्म १८६९ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधला. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम, म्हणजे जगभर गाजलेल्या मॅक्झिम मशीनगनचे जनक. बापाच्या बंदुकीनं जगाचे कान बधिर केले. पोरानं मात्र बंदुकीचा आवाज कमी करणारा सायलेन्सर काढला आणि १९०९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं.

पुढे त्याला रेडिओचा नाद लागला.

१९१२ च्या कायद्यानं अमेरिकेतल्या हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीच्या लहरींवर ढकललं होतं. या लहरी तेव्हा कुचकामी समजल्या जायच्या. सगळे तिथेच गोळा झाले आणि तुफान गोंगाट सुरू झाला.

१९१४ च्या एप्रिलमधली गोष्ट. मॅक्झिम राहायचा हार्टफर्डला. सुमारे ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफिल्डमध्ये एकाकडे रेडिओची ट्यूब विकायला होती. मॅक्झिमनं बरेच प्रयत्न केले, पण संपर्क काही होईना. शेवटी वाटेतल्या विंडसर लॉक्समधल्या एका हौशी रेडिओवाल्यानं त्याचा निरोप पुढे पोहोचवला.

इथंच त्याची ट्यूब पेटली. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असा निरोप देत गेलं, तर अख्खा देश जोडता येईल. त्याच वर्षी तरुण क्लॅरेन्स टस्काला सोबत घेऊन त्यानं अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. १९१५ च्या डिसेंबरात क्यूएसटी हे मासिकही सुरू झालं.

पण साखळी चालायची तर शिस्त हवी. मध्येच घुसणारे, समोरच्याचं न ऐकता नुसते कॉल देत बसणारे लोक होतेच. मग मासिकात 'द ओल्ड मॅन' या नावानं एक तिरसट म्हातारा लिहू लागला. बेशिस्त लोकांची तो यथेच्छ टर उडवायचा. अशांना वठणीवर आणायला त्यानं 'वूफ हाँग' नावाचं एक भयंकर हत्यारही कल्पनेतून काढलं. हा म्हातारा खुद्द मॅक्झिमच होता. हे गुपित वाचकांसमोर आलं ते त्याच्या मृत्यूनंतर.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हौशी स्टेशनं बंद झाली. युद्ध संपल्यावर रेडिओ नौदलाच्याच ताब्यात ठेवायचा घाट घातला गेला. मॅक्झिमनं संसदेच्या समितीपुढे त्याविरुद्ध बाजू मांडली, लीगच्या सभासदांनी रान उठवलं. १९१९ च्या ऑक्टोबरात हौशी रेडिओ पुन्हा सुरू झाला.

१९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिचा पहिला अध्यक्ष मॅक्झिम झाला. आज भारतातली हौशी रेडिओवाल्यांची संस्थाही तिची सदस्य आहे.

फेब्रुवारी १९३६ मध्ये मॅक्झिम गेला. त्याची डब्ल्यू१एडब्ल्यू ही कॉल साईन आजही लीगचं स्टेशन वापरतं.

आता निरोप पुढे द्यायचं ते काम रिपीटर करतो. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर आवाज घेतं आणि त्याच क्षणी दुसरीवर सोडतं. त्यामुळं हातातला छोटा वॉकीटॉकीही लांबवर पोहोचतो. पण एका वेळी बोलणार एकच.

म्हणून शिष्टाचार साधे आहेत. आधी ऐकायचं. आपली कॉल साईन सांगायची. थोडक्यात बोलायचं. समोरचा थेट ऐकू येत असेल तर रिपीटर इतरांसाठी मोकळा सोडायचा. आणि समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच बटण न दाबता क्षणभर थांबायचं.

कारण पूर, भूकंप किंवा अपघातात अडकलेल्या एखाद्याला मदत मागायला तेवढीच फट मिळते.