फाळके यांनी पाहिलेले ख्रिस्तचरित्र
धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म इ. स. १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. सुमारे १९१० साली मुंबईत प्रभु येशूच्या चरित्राचा मूक चित्रपट पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. परंतु ख्रिस्ताच्या ठिकाणी त्यांना राम व कृष्ण दिसू लागले. विलायतेस जाऊन ते ही कला शिकले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. १९४४ साली नाशिक येथे ते निवर्तले.

अमळनेरच्या बंधुभगिनींनो, चित्र मन हलविते, परंतु प्रभूची ओळख साक्षीदारच करून देतो. म्हणून गावात ख्रिस्तचरित्र दाखवाल तेव्हा, फिलिप्प रथात चढून बसला त्याप्रमाणे, शेजाऱ्याजवळ बसा व शुभवर्तमान उघडून त्यास समजावून सांगा.